ताटात डोकावणारे भानुदास सर

भानुदास सर तुमच्या ताटाकडे एकदा बघायचे आणि तुम्ही कोणत्या चित्रकारासारखे मरणार ते सांगून टाकायचे.

त्यासाठी त्यांना ना पत्रिका लागायची, ना तळहात. ताट पुरायचं. माझी त्यांची ओळखच अशी झाली. गावातल्या एका लग्नात मी पंगतीला बसलो होतो. वाढपी जिलेबी घेऊन दुसऱ्यांदा आला. मी "नको, नको" म्हणत दोन घेतल्या आणि शेजारून आवाज आला, "इटली."

मी वळून बघितलं. चौकड्याचा शर्ट, कानावर पेन्सिल, पुढ्यात भात आणि नुसतं वरण. माणूस माझ्याकडे नव्हे, माझ्या पत्रावळीकडे बघत होता.

"काय म्हणालात?"

"तुमी इटलीच्या वाटंला लागले," तो शांतपणे म्हणाला. "तिथं येक लई मोठा चित्रकार व्हता. गोड आन लोणी, गोड आन लोणी. शेवटी छातीत कळ आली आन चित्र निम्म्यावर ऱ्हायलं. तुमचं काय निम्म्यावर हाय सध्या?"

माझ्या घराचं बांधकाम निम्म्यावर होतं. त्या दिवशी दुसरी जिलेबी पत्रावळीतच राहिली, आणि मी ठरवलं की या माणसाच्या शेजारी पुन्हा पंगतीला बसायचं नाही. गावातल्या बहुतेकांनी हे माझ्या आधीच ठरवलेलं होतं, हे मला नंतर कळलं. सरांच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी नेहमी रिकाम्या असायच्या.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. गाव केज तालुक्यात. भानुदास सर शाळेत चित्रकला शिकवायला आले होते. शाळा बापूसाहेबांच्या मंडळाची. दूध संस्थेचे चेअरमनही बापूसाहेब आणि पतसंस्थेचेही बापूसाहेबच. गावात जे जे सहकारी म्हणून होतं त्यात सहकार आमचा होता आणि बाकी सगळं बापूसाहेबांचं होतं.

सरांच्या सगळ्या विद्येचा उगम एका पुस्तकात होता. औरंगाबादच्या एका रद्दीच्या दुकानातून त्यांनी जगातल्या थोर चित्रकारांच्या चरित्रांचा एक इंग्रजी ग्रंथ आणला होता. उशाला घेतला तर मान अवघडेल एवढा जाड. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. दुसरा कुणी असता तर त्यातली चित्रं बघितली असती. सरांनी प्रत्येक चित्रकार काय खात होता आणि कशानं मेला एवढंच वाचलं आणि समासात लाल पेन्सिलीनं खुणा केल्या.

आता एवढ्या मोठ्या माणसांच्या चरित्रात त्यांच्या जेवणाची नोंद सगळीकडे कशी असणार? पण सरांचं तिथंही अडायचं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, हा हॉलंडवाला लोणी खायचा हे कुठं लिहिलंय?"

त्यांनी पान उघडून एक चित्र दाखवलं. टेबलावर लोण्याचा गोळा, चीज, कापलेला मासा आणि लिंबू. "हे कुणी काढलं?"

"त्यानंच."

"मंग काढून झाल्यावर त्या लोण्याचं काय केलं आसंल? फेकलं आसंल? कलावंत गरीब आस्तो, सेक्रेटरी. मॉडेल वाया जाऊ देत न्हाई."

मी लोण्याचा तो गोळा पुन्हा एकदा नीट बघितला.

परदेशी नावं पोरांच्या तोंडात बसत नाहीत म्हणून सरांनी सगळ्या चित्रकारांचं बारसं नव्यानं केलं होतं. उताणा, चीजवाला, डुकरवाला, लोणीवाला. उताणा म्हणजे देवळाच्या छताला चित्रं काढणारा. "उताणं पडून खाल्लं की तूप खाली उतरत न्हाई, काळजापाशी थांबतं," असं सर नववीच्या वर्गाला शनिवारी सांगायचे, आणि सोमवारी विज्ञानाच्या बाईंना ते पोरांच्या डोक्यातून काढून टाकायला अख्खा तास लागायचा. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत एका मुलीनं बाटली, वांगं आणि किटली असं सुरेख स्थिरचित्र काढलं आणि बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं, 'तेल जपून वापरा.' तिला ए ग्रेड मिळाली. सर म्हणाले, तो तपासणारा शहाणा असला पाहिजे.

स्वतःच्या जेवणाचं तर विचारूच नका. ज्वारीची भाकरी, पातीचा कांदा, करडईची भाजी आणि जवसाची चटणी. तेल घालायला पळी नव्हती. सहा नंबरचा एक चपटा ब्रश त्यांनी स्वयंपाकघरात ठेवला होता. करडईच्या तेलात तो नुसता टेकवायचा आणि पातळ रंगाचा हात द्यावा तसा तव्यावरून एकदा फिरवायचा. "वॉश द्यायचा, थर न्हाई," असं ते म्हणायचे. जवसावर त्यांची विशेष भक्ती. जवसाचं तेल चित्राच्या रंगात घालतात आणि जवसाची चटणी भाकरीवर. "जे चित्राला टिकवतं तेच काळजाला टिकवतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ही दोन्ही वाक्यं त्यांच्याच आवाजात, भुवया वर करून, म्हणून दाखवायचो. कलेक्शन सेंटरवर दूध घालायला आलेल्या लोकांची चांगली करमणूक व्हायची. गावात सरांची नक्कल करणारे चार-पाच जण होते. त्यात मीच सरस होतो, हे आज सांगताना बरं वाटत नाही.

सर एकटे राहायचे. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, मूळ गाव पालीकडचं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढं विचारावं असं कुणाला वाटलं नाही. विचारायला गेलं की ते उलट आपल्यालाच सकाळी काय खाल्लं ते विचारायचे.

मग ते कोरडं वर्ष आलं. त्याआधीचंही कोरडंच होतं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, गावात टँकर सुरू झाले, आणि माळावर आमच्या संस्थेनं चारा छावणी उघडली. सकाळच्या वेळी कॅन ठेवायला जागा पुरायची नाही त्या सेंटरवर मी निवांत पेपर वाचत बसू लागलो. दूध आटलं, विहिरी आटल्या, पण संचालक मंडळाच्या मीटिंगचा नाश्ता काही आटला नाही. भजी, शेव, बालुशाही आणि पेढे. पेढ्यापुरतंही दूध आमच्या संस्थेत उरलं नव्हतं, म्हणून पेढे केजहून जीपनं यायचे. दुष्काळावर गंभीर चर्चा करायची तर पोटाला आधार पाहिजे, असं बापूसाहेबांचं मत होतं.

अशा वर्षी वार्षिक सभेत भानुदास सर उभे राहिले. शाळेतर्फे ते आभार मानायला उठले होते. दोन ओळी बोलून बसायचं सोडून ते म्हणाले, "येक गोष्ट चांगली झाली. दुष्काळात लोकांचं तेल-तूप सुटलंय. काळजाच्या दुखण्यानं मरणारे या साली कमी व्हतील."

मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस बे मास्तर. हितं उपाशी मरायची पाळी आलीय."

सर गोंधळून बघत राहिले. आपण काय चुकीचं बोललो हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं, नाहीतर त्या दिवशी ते मार खाऊनच घरी गेले असते. उपाशी माणसाला पथ्य सांगू नये एवढी साधी गोष्ट त्या जाड पुस्तकात कुठं लिहिलेली नसावी.

त्याच साली संस्थेला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव करायचा ठरला आणि ऑफिसच्या भिंतीवर बापूसाहेबांचं मोठं तैलचित्र लावावं असा ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्याकडं चेअरमन गेल्यावर त्याचं चित्र लावून त्याला हार घालायची पद्धत आहे. पण बापूसाहेबांना ते स्वतः बघायचं होतं. फोटो मोठा करून आणू, असं मी सुचवलं. त्यांना रंगवलेलंच पाहिजे होतं, आणि घरचा चित्रकार शाळेत बसून होता.

आठ दिवस दुपारच्या वेळी बापूसाहेब ऑफिसात खुर्चीवर बसले आणि सर समोर कॅनव्हास लावून उभे राहिले. बापूसाहेबांचा देह भरभक्कम, मान खांद्यात गेलेली, आवाज मोठा आणि मन तसं वाईट नाही. बशी मांडीवर घेऊन बसायचे.

"बापूसाहेब, भजं खाली ठेवा. जबडा हालायलाय."

"हालू द्या की मास्तर. जित्या माणसाचं चित्र हाय."

"जित्याचंच ऱ्हावं म्हणून सांगायलोय."

बापूसाहेब हसायचे. त्यांना वाटायचं, मास्तर विनोद करतोय.

छावणीवरच मांडव घालून समारंभ झाला. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि पडदा सरकला. चित्र इतकं हुबेहूब होतं की पुढच्या रांगेतले दोघं उठून उभेच राहिले. तोच रुबाब, तोच फेटा, तीच वरची गुंडी उघडी. आणि दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी, पापणीवर, दोन पिवळट फुगीर ठिपके. बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर ते होतेच. रोज बघून बघून ते आम्हाला दिसेनासे झाले होते.

छावणीत दोन म्हशी घेऊन राहिलेली शेवंताबाई म्हातारी पुढं येऊन निरखून बघत म्हणाली, "ह्यो तर आपला बापूच हाय की. डोळ्यातलं पिवळं बी सोडलं न्हाई बघा."

मांडव हसला. बापूसाहेबांचा चेहरा उतरला.

"कावून हो मास्तर, हे डोळ्यापाशी काय लावून ठेवलं?"

"म्या न्हाई लावलं. तुमीच लावून आलते."

"फोटोवाले पुसतेत असलं."

"ते फोटोवाले," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण माईकला ऐकू जाईल इतपतच खाली, म्हणाले, "बापूसाहेब, तेवढं डॉक्टरला दाखवा. तुमी खाल्लेली भजी कुठं जाऊन बसायलीत त्ये तिथं लिहिलेलं हाय."

पाहुणे हसले नाहीत, पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला. तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी मला बोलावून हुकूम दिला. आठ दिवसांत ते ठिपके चित्रावरून गेले पाहिजेत. नाहीतर मास्तर मंडळाच्या सिरसाळ्याच्या शाळेत जातील. बदलीच्या कागदावर सही करून त्यांनी तो माझ्यासमोर खणात ठेवला. "तुमी समजावून सांगा. दोन फटकारे मारायचेत. काय हातभर काम हाय का?"

मलाही तसंच वाटत होतं. दुपारी मी सरांच्या घरी गेलो. ते नुकतेच जेवायला बसले होते. मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच येत होतो, चार वर्षांत. त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं आणि ब्रश तेलात बुडवून माझ्या भाकरीवरून दोनदा फिरवला. दोनदा. पाहुणा म्हणून.

मी विषय काढला. नोकरीचा प्रश्न आहे, वय झालंय, सिरसाळ्याला या वयात कुठं नवी खोली बघत फिरणार, दोन ठिपक्यांचं काय एवढं. बोलता बोलता माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि मी थांबलो.

भिंतीवर एका बाईचं चित्र होतं. पस्तिशीची असेल. डोक्यावर पदर, ओठ जरासे उघडे, आत्ता काहीतरी बोलेल अशी. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, पापणीवर, तसाच एक पिवळा ठिपका.

"कुसुम," सर म्हणाले. "आमची मंडळी."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"त्यो ठिपका जमायला मला तीन दिवस लागले. आधी हळदीवानी व्हायचा, मंग मातकट. तिसऱ्या दिवशी जमला. लई खूश झालतो. तिला उठवून आणलं, म्हणलं बघ, तुझ्या डोळ्याशी सोनं लागलंय. ती म्हणली, आता बास करा, भाकरी करायच्यात." सरांनी ताटातला कांदा बाजूला सारला. "ती सहा महिन्यांनी गेली. छातीत दुखाया लागलं, दवाखान्यात नेस्तोवर संपलं. तिथल्या डॉक्टरनं नुसतं तोंडाकडं बघून विचारलं, हे पिवळं कवापास्नं हाय? म्हणला, रगतात चरबी वाढली की आसं दिसतं, परत्येकाचं आसंच आस्तं असं न्हाई, पण रगत तपासायला पाहिजे व्हतं." त्यांनी चित्राकडं बोट केलं. "मला तारीख ठाऊक व्हती, सेक्रेटरी. चित्राखाली घातलेली व्हती. गावातल्या कुणाला दिसलं न्हाई, मला दिसलं. आन मला काय सुचलं, तर त्याला रंग कोणता लावावा."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. बायका घागरी घेऊन पळाल्याचा आवाज आला. सर उठले नाहीत.

"मंग त्ये पुस्तक घेतलं," ते म्हणाले. "येवढे मोठे मोठे चित्रकार. जलमभर माणसांच्या तोंडाकडं बघणारे. म्हणलं, आसं आणखी कुणाचं झालंय का. कुणी काढलं, आन कळलं न्हाई."

"सापडलं?"

"न्हाई. कोण काय खात व्हतं तेवढंच सापडलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्ये ठिपके मी पुसणार न्हाई. बदली होऊ द्या. पर बापूसाहेबाला डॉक्टरकडं धाडा. तेवढं करा."

मी जेवण संपवून उठलो. घरी जाताना मला माझी लाज वाटत होती. भुवया वर करून 'वॉश द्यायचा, थर न्हाई' म्हणणारा मी.

बापूसाहेबांना सरळ सांगून काही उपयोग नव्हता. पंचवीस वर्षं सहकारात काढलेल्या माणसाला सरळ सांगितलेलं कळत नाही. मी म्हणालो, "साहेब, मास्तर तयार आहेत. पण ते समोर बघितल्याशिवाय ब्रश लावत नाहीत. तेव्हा आधी तुम्ही तोंडावरचे ठिपके काढून या, मग ते चित्रावरचे काढतील."

हे त्यांना एकदम पटलं. पद्धतशीर वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते अंबाजोगाईला एका चामडीच्या डॉक्टरकडं गेले. त्या डॉक्टरनं ठिपक्यांना हात लावला नाही. जिन्यावर धाप लागते का विचारलं, छातीला नळी लावली, रक्त तपासलं आणि बापूसाहेबांना तिथूनच औरंगाबादला धाडलं. काळजाच्या दोन नळ्या बुजल्या होत्या म्हणे. आणखी एखादा रौप्यमहोत्सव झाला असता तर हार घालायची वेळ आली असती.

महिन्याभरानं बापूसाहेब परत आले ते निम्मे होऊन. पहिल्याच मीटिंगला त्यांनी नाश्त्याचा विषय स्वतः मांडला. यापुढं भजी, बालुशाही बंद, फुटाणे. ठराव एकमतानं मंजूर झाला. संचालकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, पण चेअरमन खाणार नाही ते आपण कसं खायचं? चित्र भिंतीवर तसंच राहिलं. बापूसाहेब त्याच्या खाली बसून फुटाणे खायचे आणि मधूनच मान वर करून त्या ठिपक्यांकडं बघायचे.

आता सरांची बदली रद्द होईल असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. मी खणातून तो कागद काढून बापूसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"मास्तर देवमाणूस हाय," ते म्हणाले. "पर सही झालीय. गाव म्हणंल, बापू येका ड्रॉइंग मास्तरला भ्याला." आणि कागद माझ्याकडं सरकवला. आमच्या सहकारात माणूस वाचतो, पण चुकीचा शब्द मागं घेतला जात नाही.

सरांना सोडायला मी केजच्या स्टँडवर गेलो. गावातून दुसरं कुणी आलं नव्हतं. एक ट्रंक, सुतळीनं बांधलेला तो ग्रंथ आणि वाकळेत गुंडाळलेलं कुसुमवहिनींचं चित्र. ते चित्र त्यांनी गाडी लागेपर्यंत खाली ठेवलं नाही. मी बापूसाहेबांच्या नावानं चार शिव्या हासडल्या. सर म्हणाले, "जाऊ द्या. बापूसाहेब हिंडायलेत-फिरायलेत ना? मंग झालं."

मी स्टँडवरच्या गाड्यावरून गरम वडे घेतले होते. सवयीनं मी पुडा मागं लपवला. पण सरांनी पुड्याकडं बघितलंच नाही. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उन्हाकडं वळवलं, आधी एक डोळा बघितला, मग दुसरा. भर स्टँडवर लोक बघत होते. मी हललो नाही.

"तुमचं तोंड साफ हाय," ते म्हणाले. "वहिनीचं बघितलं का?"

"काय?"

"घरी गेल्यावर वहिनीला उजेडात बसवा. आन निवांत बघा. काही काढायचं न्हाई, रंगवायचं न्हाई. नुस्तं बघा."

गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले, चित्र मांडीवर उभं धरलं.

घरी आलो तेव्हा बायको चुलीपुढं होती. तिला हात धरून अंगणात आणली, पिढ्यावर बसवली आणि समोर बसून बघायला लागलो. पापण्या स्वच्छ होत्या. पण डाव्या गालावर, कानाशेजारी, भाजल्याचा एक जुना डाग होता, बोराएवढा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"काय बघायले असं? येड लागलं का?"

"हा डाग कधीचा?"

"त्यो व्हय." तिनं पदर गालावर ओढला. "घराचा पाया घातला त्या दिवशीचा. तुमाला गवंड्याबरोबर भजी पाहिजे व्हती. तेल उडालं."

पायाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आम्ही दोघं उन्हात बसून राहिलो. वड्याचा पुडा माझ्या पिशवीत तसाच होता, गार झालेला.